अकरा गड्ड्यांचं पान

आत्या,

तू नामपूरहून एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आलीस तेव्हा मी सात वर्षांची होते आणि आपल्या घरात बाईमाणसाच्या मापाची चप्पल एकच होती. आई बाजाराला निघाली की ती आईच्या पायात, आई घरी असली की तुझ्या. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे पाऊण एकर जमीन, तिच्यात गुलाब, बांधाच्या कडेनं मेथी. विहीर चुलत्यांच्यात सामाईक आणि पाण्याची पाळी चौथ्या दिवशी. नेमकी आपल्या पाळीला वीज गेली की दादा, म्हणजे तुझा धाकटा भाऊ, मोटारीजवळ उकिडवे बसून राहायचे, जणू नजर हटवली तर पाणी दुसऱ्याच्या शेतात जाईल. द्राक्षांच्या छाटणीला तू आणि आई बागाईतदारांकडे रोजानं जायचात. जुडीत न बसलेली मोडकी मेथी ही आपली भाजी. तुझ्या जुन्या लुगड्याचा झगा घालून मी शाळेत जायचे, आणि त्याचा काठ नेमका माझ्या पोटावर यायचा म्हणून वर्गातल्या पोरी मला 'पट्टेवाली' म्हणायच्या.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण पुढचं सगळं इथून सुरू झालं आणि मला ते विसरायचं नाही.

तुझ्या तेराव्याला जमलेली माणसं म्हणाली, "शोभाताई, तुम्ही शिकलेल्या. आत्यांवर चार ओळी लिहा." त्यांना तुझं जन्मगाव, सासर, आणि 'स्वभाव मनमिळाऊ' असं काहीतरी हवं होतं. तू मनमिळाऊ नव्हतीस. रद्दीवाल्यानं ओली रद्दी दिली म्हणून तू नाशिकच्या द्वारका चौकात त्याच्याशी अशी भांडली होतीस की रिक्षावाले गाड्या बंद करून ऐकत होते. तेव्हा ते चार ओळींचं राहू दे. मला तुझ्याशी एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, आणि त्या पुस्तकावरच्या फसलेल्या सिनेमाबद्दल. आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही.

गुलाबाच्या गड्डीला रद्दी लागते हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. वीस कळ्या घ्यायच्या, देठाची खालची पानं आणि काटे काढायचे, केळीच्या सोपटानं बांधायच्या आणि वरून वर्तमानपत्र गुंडाळायचं. कळ्यांची तोंडं घासून काळी पडू नयेत म्हणून आतून एक लहान, मऊ कागद लावायचा. हा आतला कागद तुझी युक्ती. आपल्या गड्ड्या फुलबाजारात ओळखू यायच्या त्या त्याच्यामुळे. मी चौथीत असताना दादांनी आणलेल्या रद्दीत ते पुस्तक आलं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, शिवण सुटलेली. मी शाळेतून आले तर तू त्याचे मधले कागद उपसून कळ्यांना लावत बसली होतीस.

"आकारानं लय बरोबर हाय," तू म्हणालीस. "जनू गुलाबासाठीच छापलंय."

मी पुस्तक हिसकावून घेतलं. तू म्हणालीस, "एवढं काय हाय त्याच्यात? वाच बरं."

मी वाचलं. आणि दुपारच्या तोडीची फुलं बांधताना रोज वाचायचं असं ठरून गेलं. मी बादलीवर पाट ठेवून त्याच्यावर बसायचे, तू आणि शेजारची हौसाबाई खाली पोत्यावर. फुलं बांधून होईपर्यंत वाचन चालायचं. माझ्या वाटची बांधणी तू करायचीस, म्हणजे मला वाचायला हात मोकळे.

पुस्तक सोनबाचं होतं. पेठच्या बाजूच्या डोंगरातला सोनबा, भात-नागलीच्या शेतातून उठून दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेलेला. बंदूक त्याच्या हातात फारशी आलीच नाही. तो खेचरं हाकायचा. इटलीच्या डोंगरात गाडी जात नव्हती तिथं पाणी, औषधं, दारूगोळा खेचरांच्या पाठीवर वर न्यायचा आणि येताना जखमी माणसं खाली आणायचा. कुणा शाळामास्तरांनी म्हाताऱ्या सोनबाच्या ओटीवर बसून, त्याला विचारून विचारून हे चरित्र लिहिलं होतं. पुस्तकाचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं. आपण त्याला 'सोनबा' एवढंच म्हणायचो. "आज सोनबा वाचायचा का?"

सोनबा खेचराच्या दोन्ही बाजूंना वजन कसं सारखं बांधायचा हे आलं तेव्हा तू बांधता बांधता थांबलीस. "खरं हाय. एका बाजूला मुठभर जादा गेलं ना, जनावर चार कोसात लंगडतं. नामपूरला कांद्याच्या गोण्या बैलाच्या पाठीवर लादताना मी हेच सांगायचे. माझं कोन ऐकतं!" सासरचं तू एवढंच बोलायचीस. गोण्या, बैल, कांद्याचा धुरळा. नवऱ्यानं दुसरी आणली हे मला हौसाबाईकडून कळलं.

सोनबाच्या खेचरांत एक होती राणी. म्हातारी, हट्टी, चावरी. तुझा सगळा जीव तिच्यावर. "ही माझ्यावानी हाय," तू म्हणायचीस आणि हौसाबाई म्हणायची, "चावायला तर सारखीच."

आणि मग तो दिवस आला. नदीला पाणी चढलंय, पलीकडे जायचंय, राणीचा पुढचा पाय दुखावलाय. साहेब म्हणतो, लंगडं जनावर पुढं न्यायचं नाही, ओझं उतरवा आणि तिला इथंच संपवा. सोनबानं राणीच्या मानेवर हात ठेवला आणि.

पान एकशे बारा तिथं संपलं. शेजारचं पान होतं एकशे एकोणतीस. त्यात सोनबा पलीकडच्या काठावर बसून चहा पीत होता आणि कुणी बोलत नव्हतं.

मधले आठ कागद, सोळा पानं, तू आठ गड्ड्यांना लावून बाजारात पाठवली होतीस. कुणा देवाच्या पायाशी, कुणा लग्नाच्या मांडवात ती गेली असतील. मी वर बघितलं. तुझ्या हातातली गड्डी अर्धी बांधून तशीच राहिली होती. तू म्हणालीस, "आनि? पुढं? मारली का काय तिला?"

मी दहा वर्षांची होते, आत्या. तुला कसं सांगणार होते की राणीचं काय झालं ते तूच गुलाबात गुंडाळलंस. तू जन्मभर स्वतःला बोल लावत राहिली असतीस. म्हणून मी पुस्तकात मान घातली आणि सांगत सुटले. सोनबा साहेबाला म्हणाला, "साहेब, हिचं ओझं माझ्या पाठीवर द्या. ही नुसती चालेल." मग सोनबानं दोन्ही बाजूंची खोकी स्वतःच्या पाठीला बांधली, वजन सारखं करून. मग पाणी छातीपर्यंत आलं. मग राणी मध्येच थांबली, सोनबाला चावली, पुन्हा चालली. तू हसलीस, डोळे पुसलेस, पुन्हा बांधायला लागलीस. तरी एक अडचण होती. पुढच्या पानांत राणीचा उल्लेखच नव्हता. म्हणून मी तिला पलीकडच्या काठावर जनावरांच्या दवाखान्यात भरती केली आणि बरी झाल्यावर दुसऱ्या पलटणीत पाठवून दिली.

"कागदपत्रं नीट केली ना सोनबानं?" तू विचारलंस. "न्हाईतर दुसऱ्या पलटनीवाले म्हनायचे, ही कोनाची."

"केली," मी म्हटलं. "सही-शिक्का सगळं."

"मग चांगलं शे," तू म्हणालीस. मन भरलं की तुझ्या तोंडात नामपूरची बोली यायची.

ही गोष्ट मी तिथंच विसरून गेले असते. पण माझी दहावी झाली. पहिल्या वर्गात पास झाले तरी दादा म्हणाले, आता पुरे. सकाळच्या तोडीला माणूस नाही, आईच्यानं वाकवत नाही, आणि गिरणारे गावाकडचं एक स्थळ आलंय. दादा वाईट नव्हते. त्यांना हात कमी पडत होते, एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तू चुलीपुढून उठलीस, हात पदराला पुसलास आणि दादांसमोर येऊन उभी राहिलीस.

"हिच्या वाटच्या ओळी मी तोडते," तू म्हणालीस. "हिचं ओझं माझ्या पाठीवर दे. ही नुसती चालंल."

दादा म्हणाले, "आक्का, तुझं वय काय, अंगात जोर किती?"

"ते माझं मी बघीन. तू ओळी मोजून दे."

दादांनी सहा ओळी दिल्या. तुझ्या सहा होत्याच. पाच वर्षं तू रोज बारा ओळी तोडल्यास, अकरावीपासून माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा होईपर्यंत. मी सातची बस पकडून सीबीएस स्टँडवर उतरायचे आणि कॉलेजात जायचे, तेव्हा तू अजून बाराव्या ओळीत असायचीस. बस वळणावर आली की मला खिडकीतून तुझा हिरवा पदर दिसायचा. तुझी बोटं काट्यांनी अशी झाली होती की हळद लावायला मोकळी जागा सापडत नसे.

आणि मी वर्गात बसून काय विचार करायचे, सांगू? की हे सगळं माझ्या थापेवर उभं आहे. सोनबा असं बोललाच नाही. आत्यानं ज्या माणसाचा शब्द खरा मानून बारा ओळी अंगावर घेतल्या, त्यानं तो शब्द काढलाच नव्हता. घराण्यातली पहिली कॉलेजात गेलेली पोरगी म्हणून गावात माझा केवढा डौल होता, आणि आतून मला वाटायचं की मी फसवून शिकतेय. कितीदा ठरवलं की आज सांगायचं. दर वेळी तू काहीतरी विचारायचीस, "आज काय शिकवलं गं?", आणि राहून जायचं.

मग सिनेमा आला. मी बी.एड. करून नाशिकरोडच्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून नुकतीच लागले होते. पेपरात जाहिरात होती: आपल्या जिल्ह्यातल्या वीराचं गाजलेलं चरित्र आता पडद्यावर. सोनबाचं नाव वाचून मी पेपर घेऊन धावत आले. तुला अक्षर येत नव्हतं, पण चित्र बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "ह्याच्यात खेचर कुठंय?"

"आत असेल, आत्या."

"असंल, असंल. राणी पाहिजे. राणी नदीत चावते ते पाहिजे."

मी विषय बदलला. पण तुला कोण थांबवणार? रविवारी तीनच्या खेळाला तू, मी आणि हौसाबाई. तू ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसलीस आणि बरोबर एक गड्डी घेतलीस, वीस कळ्यांची, आतल्या कागदासकट. थेटरच्या दारात पोस्टरखाली ती ठेवायला निघालीस तर दारावरचा माणूस म्हणाला, "मावशी, हे देऊळ नाही."

"माहीत हाय," तू म्हणालीस. "देवळात मी एवढी चांगली फुलं नेत नाय."

पहिल्या दहा मिनिटांतच सोनबा पांढऱ्या घोड्यावर बसून आला. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालीस, "ह्यो कोन?" मी म्हटलं, सोनबा. "सोनबा जन्मात कशावर बसला नाय. तो चालायचा." पुढं गाणं, मग दुसरं गाणं, एक गोरी नर्स, आणि सोनबाच्या दोन्ही हातांत दोन मशीनगन. खेचरं होती. एका गाण्यात मागं बांधलेली दिसली. मध्यंतरात हौसाबाई म्हणाली, "हिरो दिसायला बरा हाय पन."

नदी आली तेव्हा तू पुढं सरकून बसलीस. माझा हात धरलास. पडद्यावर पूल होता. सोनबानं तो उडवून दिला आणि पाण्यातून नर्सला उचलून आणलं. सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं उठली. तू उठेनास. "अजून असंल," तू म्हणालीस. "नावं चाललीत, त्याच्यामागं असंल." पडदा कोरा झाला, झाडूवाला आला, तरी तू बसलेलीच.

"मावशी, संपलं."

"एवढ्यात?" तू त्याला विचारलंस.

बाहेर आपलं भांडण झालं. चांगलं रस्त्यात, उसाच्या गाड्यापुढं. मी म्हटलं, "आत्या, सिनेमा वेगळा असतो. अडीच तासांत सगळं पुस्तक कसं बसेल?"

"गानी पाच बसली."

"लोकांना बघायला आवडलं पाहिजे ना."

"मला नाय आवडलं. मी लोक नाय का?"

"काहीतरी गाळावंच लागतं, आत्या!"

"मग घोडा गाळायचा," तू म्हणालीस. "राणी का गाळली?"

मी चिडून त्या सिनेमाची बाजू घेत होते आणि मला कळत होतं की का. तुला त्यात जे सापडत नव्हतं ते त्यांच्याकडे नव्हतंच. ते माझ्याकडे होतं. हौसाबाईनं दोन ग्लास रस पिऊन घेतला, आपल्या दोघींचा.

दुसऱ्या दिवशी फुलं बांधताना तू म्हणालीस, "तू बी.ए. हायस. पत्र लिही त्यांना." आणि सांगत गेलीस. ते पत्र मला पाठ आहे. 'सिनेमावाले साहेब यांस नमस्कार. तुमचा सिनेमा पाहिला, तिकीट काढून पाहिला. खेचरावर ओझं दोन्हीकडं सारखं बांधतात, तुम्ही एकीकडं बांधलं आहे, त्या जनावराला त्रास झाला असेल. नर्स चांगली आहे, तिला राहू द्या. पण नदीत सोनबा राणीचं ओझं घेतो ते का दाखवलं नाही, याचं उत्तर पाठवावं.' खाली तुझा अंगठा.

मी ते तेव्हा टाकलं नाही. उत्तर आलं असतं तर काय आलं असतं, मला ठाऊक होतं. 'असा प्रसंग मूळ चरित्रात नाही.' मी ते बी.एड.च्या फायलीत ठेवलं आणि तू पुढं कितीतरी महिने विचारत राहिलीस, "आलं का गं उत्तर?" मी म्हणायचे, मोठी माणसं आहेत, वेळ लागतो. तू दोनच गोष्टी विचारायचीस. एक उत्तर आलं का, आणि दुसरं, "कायम झालीस का?" शिक्षणसेवकाला तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, मग कायम होण्याचा आदेश निघतो, हे मी तुला शंभरदा सांगितलं होतं. तू म्हणायचीस, "तीन वर्षं कशाला बघायची? मला विचारा की."

सिनेमामुळे पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. कव्हरवर पांढरा घोडा. मी एक प्रत विकत घेतली आणि ती हरवलेली सोळा पानं शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून वाचली. नंतरचा तास मला घेता आला नाही. प्रत मी घरी आणली नाही, कपाटात ठेवली.

मग तुझं दुखणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. मला लगेच बारा ओळी आठवल्या. तुला मी तसं म्हणाले तर तू म्हणालीस, "गप. फुलं तोडून कुनाचं काळीज थकत नाय. वाट बघून थकतं." ह्या हिवाळ्यात तू ओट्यावर खाटेवरच असायचीस. एका दुपारी मी शाळेतून आले, पिशवी तुझ्या पायाशी ठेवली, आणि तुला आतलं पुस्तक दिसलं. त्या दिवशी मी ते का आणलं होतं, मलाही सांगता येत नाही. सांगून टाकायचं असं मनात असेल.

"ह्यो तोच घोडेवाला," तू कव्हर बघून म्हणालीस. "सोनबा हाय हे?"

"हो."

"पुरं हाय?"

"पुरं आहे."

"मग नदीचं वाच."

मी ते पान उघडलं. छापलेलं समोर होतं, डोळ्यांना दिसत होतं, आणि तुझा चेहरा वाळून एवढासा झाला होता. मी वाचायला लागले: साहेब, हिचं ओझं माझ्या पाठीवर द्या. ही नुसती चालेल. खोकी, पाणी, राणीचं चावणं, दवाखाना, सही-शिक्का. एक शब्द चुकला नाही. संपवलं तेव्हा तू डोळे मिटून हसत होतीस.

"पान उलटायला तू तवाबी विसरलीस," तू म्हणालीस, "आन आताबी विसरलीस."

मी हातातल्या पानाकडे बघितलं.

"अगं, तुझं पान उलटेस्तोवर माझ्या तीन गड्ड्या व्हायच्या. रोजच्या. पान उलटायचा आवाज आला की मी चौथी उचलायचे. त्या दिवशी अकरा झाल्या आन तुझं पान काय उलटंना. पोरगी जड अक्षरात अडकली म्हनावं, तर बोलायची घाई एवढी! मग बघितलं, तर तुझी नजर कागदावर फिरतच नव्हती. एका जागी."

"म्हणजे तुला तेव्हापासून..."

"कागद कुठं गेले तेबी कळलं. मीच लावले ना फुलांना."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मग दादांपुढं तू तेच वाक्य का म्हणालीस? ते सोनबाचं नव्हतं, माझं होतं."

"म्हनून तर म्हनले," तू म्हणालीस. "सोनबाचं असतं तर सोनबा मोठा. दहा वर्साच्या पोरीला बसल्या जागी असलं सुचतंय, तिला काय जन्मभर फुलं तोडायला ठेवायची?"

मी किती वर्षं त्या ओझ्याखाली वाकून चालले, आत्या, आणि तू मला एक दिवसही सांगितलं नाहीस. मी तसं म्हणाले, तर तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू थापा मारायला घाबरली असतीस."

"आणि ते पत्र? सिनेमात राणी नाही म्हणून एवढं भांडलीस, ते?"

"त्यांच्या पुस्तकात नव्हतं म्हनून काय झालं? एवढी मोठी मानसं, एवढे कॅमेरे. तुला सुचलं ते त्यांना सुचू नये?" आणि मग, "खरं काय होतं गं त्या कागदांत?"

मी म्हटलं, "काही विशेष नाही. पुराचं वर्णन होतं. सगळे थांबून राहिले."

"मग बरं झालं," तू म्हणालीस. "फुलात गेलं ते."

त्यानंतर नऊ दिवसांनी तू गेलीस. हे शेवटचं राहून गेलं, म्हणून आज सांगते.

सोनबानं साहेबाचं ऐकलं, आत्या. राणीचं ओझं उतरवलं, तिला गूळ चारला, तोंड झाडाकडे फिरवलं आणि हुकूम पाळला. मास्तरांनी लिहिलंय की म्हातारपणी हे सांगून झाल्यावर सोनबा दिवेलागणीपर्यंत बोलला नाही, आणि त्यांनी पुढचा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला. नंतर जखमी माणसांना उतरवताना सोनबा एकदाही कुणाला मागं ठेवून आला नाही, तेही त्याच पानांत आहे. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं ती आहेत. सिनेमावाल्यांना ती सोसली नाहीत म्हणून त्यांनी घोडा आणला. मला तुझ्यासमोर ती सोसली नाहीत, म्हणून मी दवाखाना उघडला. तेव्हा त्यांना फार बोलायचा मला हक्क नाही. तू मात्र बोल. तुझ्या मते पांढरा घोडा आणि जनावरांचा दवाखाना यांत फरक आहे, आणि तो तू मला समजावून सांगायच्या आत गेलीस. माझं अजून म्हणणं आहे की अडीच तासांत सगळं बसत नाही. तुझं म्हणणं मला ऐकू येतं: मग घोडा गाळायचा.

खरं वाचून दाखवलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, याचा मी रोज विचार करते. मला वाटतं तू सोनबाला बोल लावला नसतास. तू विचारलं असतंस, गूळ किती दिला.

परवा आठवीच्या वर्गाला मी ती सोळा पानं वाचून दाखवली. मग मी पुस्तक मिटलं आणि आता दुसरी ऐका म्हटलं, आणि तुझी अकरा गड्ड्यांची सांगितली. राणी सोनबाला चावली तिथं सगळी पोरं हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी, आई कांदे निवडायला जाते तिची, हात वर करून म्हणाली, "बाई, मला तिसरी येते. सांगू?" मी म्हटलं, सांग. तिची राणी पोहत गेली! पलीकडे जाऊन साहेबाला चावली.

तुला आवडली असती. मी तिचं नाव लिहून ठेवलंय. ह्या पोरीकडे लक्ष ठेवायचं आहे.

सिनेमावाल्यांना लिहिलेलं तुझं पत्र मी काल पोस्टात टाकलं. उत्तर आलं तर वाचून दाखवीन, प्रत्येक पान उलटून.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं आहे. तीन वर्षं पूर्ण झाली, सोमवारी मुख्याध्यापकांनी आदेश हातात दिला. आत्या, मी कायम झाले.